अमेरिका-पाकिस्तान दोस्तीचा हिशेब मांडताना

चि. विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा सावकाश वाचला. सत्तर वर्षांच्या पाकिस्तानी दोस्तीत अमेरिकेने काय कमावलं आणि काय गमावलं, हा विषय निवडलास ते बरं केलंस. भाषा स्वच्छ आहे, सनावळी चोख आहे. अडखळले ते मधल्या तक्त्यापाशी. फायद्याच्या रकान्यात जेमतेम तीन ओळी, तोट्याचा रकाना पानभर, आणि खाली निकाल: आतबट्ट्याचा व्यवहार. निकाल कदाचित बरोबरही असेल, पण तो तू काढलेला नाहीस, घरून घेऊन आली आहेस. पासष्ट, एकाहत्तर, कारगिल आणि 26/11 ऐकत वाढलेल्या आपल्यापैकी कुणीही डोळे मिटून हाच निकाल देईल. अभ्यासाची सुरुवात तिथून होत नाही.

म्हणून आधी फायद्याचा रकाना भर, आणि तो वॉशिंग्टनमध्ये बसून भर. 1954 च्या मे महिन्यात शस्त्रमदतीचा करार झाला, त्याच वर्षी पाकिस्तान सिअ‍ॅटो या अमेरिकाप्रणीत लष्करी गटात गेला आणि पुढच्या वर्षी तशाच बगदाद करारात. त्या बदल्यात अमेरिकेला काय मिळालं? पेशावरजवळचं बडाबेर. सोव्हिएत संदेश चोरून ऐकण्याचं ते ठाणं 1959 मध्ये दहा वर्षांच्या करारावर मिळालं. सोव्हिएत हद्द तिथून फार लांब नव्हती. अमेरिकी वैमानिक गॅरी पॉवर्सचं यू-2 हे हेरगिरीचं विमान 1 मे 1960 रोजी पेशावरहूनच उडालं होतं. ते पाडलं गेल्यावर ख्रुश्चेव्ह यांनी पेशावरभोवती लाल वर्तुळ काढल्याची धमकी दिली. बघ, ठाणं अमेरिकेचं आणि निशाण्यावर गाव पाकिस्तानचं. खर्च कुणाच्या नावावर पडतो, हा प्रश्न इथूनच सुरू होतो आणि तुझ्या तक्त्यात त्याला जागाच नाही.

एकाहत्तर तू एका परिच्छेदात उरकलं आहेस. मी तुझ्या जागी असते तर अर्धा लेख त्यावर खर्च केला असता. जुलै 1971 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर पाकिस्तानात आले, पोट बिघडल्याची बतावणी झाली, पत्रकारांना ते डोंगरात विश्रांती घेत आहेत असं सांगितलं गेलं, आणि 9 जुलैला पहाटे ते रावळपिंडीहून पाकिस्तानी विमानाने गुपचूप बीजिंगला निघाले. पुढच्या फेब्रुवारीत निक्सन चीनमध्ये होते. शीतयुद्धाचा पट त्या एका प्रवासाने फिरला. हा फायदा लहान नाही, आणि तो नाकारून तुझा लेख भक्कम होणार नाही.

आता त्याच महिन्यांचं दुसरं टोक घे. 25 मार्चच्या रात्री ढाक्यात, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, पाकिस्तानी लष्कराने बंगालींची कत्तल सुरू केली होती. तिथले अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी 6 एप्रिलला आपल्याच सरकारविरुद्ध निषेधाची तार धाडली. तिच्यावर वीस अमेरिकी अधिकाऱ्यांच्या सह्या होत्या. तिकडे एप्रिलच्या अखेरीस निक्सन यांनी स्वतःच्या हाताने शेरा मारला, की याह्यांवर आत्ता दबाव आणू नका. पाकिस्तानचे लष्करशहा याह्या खान म्हणजे बीजिंगचा दरवाजा, म्हणून. ब्लड यांची ढाक्यातून उचलबांगडी झाली. जवळपास एक कोटी निर्वासित भारतात आले. डिसेंबरात अमेरिकेची एंटरप्राइज ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली.

इथे तू लिहितेस, 'अमेरिकेने चीनसाठी बंगालींचा बळी दिला.' वाक्य जोरदार आहे, पण त्याच्या पुढे जा. बीजिंगला जायला दुसरा रस्ता होता का? होता. रुमानियाच्या चाउशेस्कूंमार्फतही निरोप जात होते. म्हणजे पाकिस्तान सोयीचा होता, एकमेव नव्हता. लाभ मोजताना तो दुसरीकडून कितीला पडला असता हे विचारलंच पाहिजे; तेवढीच रक्कम या दोस्तीच्या जमेला धरायची. चीनची सगळी कमाई पाकिस्तानच्या खात्यावर टाकणारे लेखक पुष्कळ आहेत, त्यांच्या नादी लागू नकोस.

तुझ्या तक्त्यात अमेरिकेचा सगळ्यात मोठा तोटा आलेलाच नाही. किसिंजर बीजिंगहून परतल्यावर महिन्याभरात, 9 ऑगस्ट 1971 रोजी, भारताने सोव्हिएत संघाशी मैत्री करार केला. आपलं लष्कर पुढची कित्येक दशकं रशियन रणगाडे, रशियन विमानं आणि रशियन सुट्या भागांवर चाललं. आज वॉशिंग्टनला भारत आपल्या बाजूला हवा असतो आणि मॉस्कोचं नाव निघालं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्या आठ्यांचं एक मूळ 1954 मध्ये आहे. आयझेनहॉवर यांनी तेव्हा नेहरूंना पत्राने भरवसा दिला होता की ही शस्त्रं भारताविरुद्ध वापरली जाणार नाहीत. 1965 मध्ये सियालकोटच्या आघाडीवर फिलौरा-चविंडा भागात आपल्या पुना हॉर्स रेजिमेंटच्या सेंच्युरियन रणगाड्यांसमोर उभे होते ते पाकिस्तानला मिळालेले अमेरिकी पॅटन रणगाडेच. लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर तिथेच पडले, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. पुण्यात शाळा शिकलेला, पुण्याचंच नाव मिरवणाऱ्या रेजिमेंटचा हा माणूस. त्या भरवशाची किंमत काय होती, हे सांगायला तुला लांबचा दाखला शोधावा लागणार नाही.

यात फसवणूक कुणी कुणाची केली? माझ्या मते कुणीच नाही, किंवा दोघांनीही. अमेरिकेला सोव्हिएत संघाविरुद्ध साथीदार हवा होता, पाकिस्तानला भारताविरुद्ध हत्यार. दोघांनी एकाच कागदावर सही केली आणि दोघांनी तो वेगवेगळा वाचला. तुझ्या मसुद्यात पाकिस्तान कधी प्यादं असतो, कधी कपटी. तो दोन्ही नाही. आपली गरज नीट ओळखणारं आणि समोरच्याची त्याहून नीट ओळखणारं ते राष्ट्र आहे. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्यावर कार्टर यांनी 40 कोटी डॉलर देऊ केले, तेव्हा पाकिस्तानचे लष्करशहा झिया उल हक यांनी ते 'शेंगदाणे' म्हणून उडवून लावले. पुढच्या वर्षी रेगन यांच्याकडून 320 कोटी डॉलरची सहा वर्षांची मदत आणि 40 एफ-16 विमानांचा सौदा झाला. दुबळा घासाघीस करतो ती अशी.

2011 चं उदाहरणही याच जागी घाल. 26 नोव्हेंबरला अफगाण सीमेजवळच्या सलाला चौकीवरच्या नाटोच्या हल्ल्यात 24 पाकिस्तानी सैनिक मेले. कराची बंदरातून तोरखम आणि चमनमार्गे अफगाणिस्तानात नाटोचं सामान नेणारे ट्रक पाकिस्तानने अडवले. नाक दाबलं की तोंड उघडतं. मध्य आशियातून वळसा घालून सामान नेण्यात महिन्याला दहा कोटी डॉलर जादा जात असल्याचं अमेरिकेचे संरक्षणमंत्री पनेटा यांनीच सांगितलं. सात महिन्यांनी परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन 'सॉरी' म्हणाल्या आणि रस्ता उघडला.

मला या सगळ्यात खरा धडा दिसतो तो एका वार्षिक दाखल्यात. अमेरिकी कायद्यातल्या 1985 च्या प्रेसलर दुरुस्तीने अट घातली की पाकिस्तानकडे अणुबॉम्ब नाही असं राष्ट्राध्यक्षांनी दरवर्षी लेखी द्यायचं, तरच मदत. काहूटाच्या पाकिस्तानी अणुकेंद्रात काय शिजतंय याचा वास सगळ्यांना होता, तरी अफगाण युद्ध चालू असेपर्यंत दाखला बिनचूक निघत राहिला. फेब्रुवारी 1989 मध्ये सोव्हिएत फौजा आमू दर्या ओलांडून परत गेल्या. ऑक्टोबर 1990 मध्ये थोरल्या बुश यांना तो दाखला देता येईना. गरज सरो, वैद्य मरो. पाकिस्तानने पैसे मोजलेली 28 एफ-16 विमानं अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात उभी राहिली. पैशांची तडजोड व्हायला 1998 उजाडलं. काही रोख, काही गव्हासारख्या मालात. पाकिस्तानी लष्कराच्या मनात ही विमानं आजही उभी आहेत. 2001 नंतर त्यांनी एक पाय अमेरिकेच्या होडीत आणि दुसरा तालिबानच्या होडीत का ठेवला, याचं सगळं नाही, पण काही उत्तर तिथे आहे.

आणि डोळेझाक केलेल्या बॉम्बचं काय झालं? फेब्रुवारी 2004 मध्ये पाकिस्तानी अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान टीव्हीवर कबुलीजबाब देत होते. तंत्रज्ञान इराण, लिबिया आणि उत्तर कोरियापर्यंत गेलं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेने पाकिस्तानला 'नाटोबाहेरचा प्रमुख मित्र' हा दर्जा दिला. या दोन तारखा शेजारी ठेव, बाकी टीका करावी लागणार नाही. प्रत्येक टप्प्यावरचा सौदा त्या दिवसापुरता समर्थनीय होता असं मला वाटतं. त्याचं बिल मात्र पुढच्या टप्प्यात आलं आणि तेव्हा खुर्चीत दुसराच माणूस होता. म्हणून सत्तर वर्षांची एक बेरीज मांडू नकोस. टप्पा टप्पा वेगळा काढ, आणि मागच्या टप्प्याची बाकी पुढच्यात ओढून दाखव.

2001 नंतरचं थोडक्यात आटप, त्यावर सगळेच लिहितात. फक्त जमेची बाजू विसरू नकोस: अल कायदाचा अबू झुबैदा फैसलाबादेत सापडला, खालिद शेख मोहम्मद रावळपिंडीत, तेही पाकिस्तानच्या मदतीने. आणि ओसामा सापडला अबोटाबादला, काकूलच्या लष्करी प्रबोधिनीच्या जवळ, पाकिस्तानला न सांगता.

अबोटाबादची एक गोष्ट मात्र सविस्तर लिही. ओसामाच्या घरातल्यांचे डीएनए नमुने मिळावेत म्हणून सीआयएने पाकिस्तानी डॉक्टर शकील आफ्रिदींमार्फत हिपॅटायटिस-बीच्या लसीकरणाचं सोंग उभं केलं. ते उघडकीला आल्यावर लस टोचणारी बाई म्हणजे हेर, या जुन्या संशयाला पुरावाच मिळाला. पोलिओचे थेंब घेऊन दारोदार फिरणाऱ्या कार्यकर्त्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. 2014 च्या मे महिन्यात व्हाइट हाउसने कळवलं की लसीकरण मोहिमा हेरगिरीसाठी पुन्हा वापरल्या जाणार नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला होता. पाकिस्तानात पोलिओ अजून गेलेला नाही. त्याला कारणं अनेक आहेत, सगळं खापर सीआयएवर फोडू नकोस. पण 2018 च्या पहिल्याच दिवशी ट्रम्प यांनी पाकिस्तानवर उधळलेल्या 33 अब्ज डॉलरचा आकडा फेकला, त्यात हा खर्च कुठे धरला होता? मोहल्ल्यातल्या पोराच्या लुळ्या पायाची नोंद वॉशिंग्टनच्या वहीत होत नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्याही वहीत होत नाही.

मुंबईबद्दल. 'हेडलीमुळे सिद्ध होतं की अमेरिकेला 26/11 ची पूर्ण कल्पना होती' हे वाक्य काढून टाक. हल्ल्याआधी मुंबईची टेहळणी करणारा हा हेडली अमेरिकी नागरिक होता, तिथल्या अमली पदार्थविरोधी खात्याचा जुना खबऱ्या होता, गुन्हा कबूल करण्याच्या सौद्यात त्याने भारताच्या हवाली न करण्याची अट पदरात पाडून घेतली आणि फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईच्या न्यायालयाला त्याची साक्ष व्हिडिओवर घ्यावी लागली. एवढं खरं आहे आणि एवढंच पुरेसं बोचरं आहे. 166 माणसं गेलेल्या घटनेवर लिहिताना पुराव्याच्या पुढे एक पाऊलही टाकायचं नाही.

जून 2025 मध्ये ट्रम्प यांनी पाकिस्तानचे लष्करप्रमुख असीम मुनीर यांना व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावलं, यावर तू शेवटी बरंच तोंडसुख घेतलं आहेस. ठेव, पण राग कमी कर आणि प्रश्न वाढव: या वेळी वॉशिंग्टनला नेमकं काय हवं आहे, आणि ते मिळाल्यावर दाखला देणं कधी बंद होईल?

आता काम. 1971 च्या दक्षिण आशियातल्या संकटाची कागदपत्रं अमेरिकी परराष्ट्र खात्याने खंडरूपाने प्रसिद्ध केली आहेत, त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. मार्च ते जुलै एवढाच भाग आधी वाच. ब्लडची तार मुळातून वाच, दुसऱ्याने दिलेल्या उताऱ्यावर भागवू नकोस. मग एकाहत्तरचं प्रकरण नव्याने लिहून धाड. बाकीच्या मसुद्याला तोवर हात लावू नकोस. आईला नमस्कार सांग.

तुझी,
बाई