वाचकांचे प्रश्न : रूपक कमी दर्जाचं, हे ठरवलं कुणी?

प्रश्न : मी कोल्हापुरात एमए करतोय. वळिवडेच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या पोलिश निर्वासितांच्या छावणीबद्दल वाचता वाचता पोलिश साहित्याकडं वळलो. तिथल्या १९व्या शतकातल्या टीकाकारांचं रूपकावरून, म्हंजे एका गोष्टीआडून दुसरीच सांगण्यावरून, एवढं का वाजलं? आणि रूपक-प्रतीक एकच की वेगळं?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : दादा, आधी राजकारण बघा, मग साहित्यशास्त्र. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन घासांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं पोलंड गिळला, नकाशावर देशच उरला नाही, मग सरळ लिहायचं कसं? १८२८ मध्ये पोलिश कवी मित्सकेविचनं 'कोनराड वालेनरोड' हे काव्य छापलं, तेही खुद्द रशियाच्या राजधानीत, पीटर्सबर्गला, सेन्सॉरच्या नाकाखालून. गोष्ट १४व्या शतकातली, लिथुआनियाचा एक पोरगा शत्रूच्या ट्युटॉनिक सरदारांत (जर्मन ख्रिस्ती लढवय्यांचा संघ) वाढतो, त्यांचाच प्रमुख होतो आणि मुद्दाम त्यांना बुडवतो. आता हे सरदार म्हंजे रशियन राज्यकर्ते, हे वाचकाला सांगायची गरजच नव्हती. नोवोसिल्त्सेव्ह नावाच्या बड्या रशियन अधिकाऱ्यालाही ते कळलं, त्यानं वर तक्रार केली, पण पुस्तक तोवर लोकांच्या हातात गेलेलं. १८३० ला वॉर्सात उठाव झाला त्यात या पुस्तकावर वाढलेली पोरं होती.

आपल्याकडं खाडिलकरांच्या 'कीचकवधा'चं तेच झालं की ओ! १९०७ चं नाटक, प्रेक्षकांना कीचकात कर्झन दिसला, १९१० ला सरकारनं बंदी घातली.

पण भांडण खरं पेटलं ते शतकाच्या शेवटी. पोलिश कवी-टीकाकार प्शेस्मित्स्की, टोपणनाव मिरियाम, यानं १८९१ मध्ये क्राकोच्या 'श्व्यात' पाक्षिकात बेल्जियन नाटककार मेटरलिंकवर मोठा लेख लिहिला आणि प्रतीकाला डोक्यावर घेतलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की रूपकात आधी विचार ठरलेला असतो आणि त्यावर नुसतं चित्र चढवतात, एकदा अर्थ सुटला की संपलं, प्रतीक मात्र जिवंत असतं, अर्थ कितीही उपसा, तळ लागत नाही. हा फरक जर्मनीत कवी गटेनं आधीच मांडलेला, मिरियामनं तो पोलिश टीकेत जोरात आणला. म्हंजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, त्याच्या लेखी तरी, वेगळं.

मला हे सगळं पटत नाही. क्राको ऑस्ट्रियाकडं होतं, तिथं रशियन भागापेक्षा मोकळीक बरीच, तिथं छापून रूपकाला नावं ठेवणं सोपं. रशियाकडच्या वॉर्सात ज्याला सेन्सॉर चुकवून बोलायचं होतं त्याला रूपकाशिवाय इलाजच नव्हता. शिवाय वालेनरोडचा अर्थ एकदा सुटला म्हणून तो कुठं संपला? देशासाठी दगा दिलेला चालतो का यावरून पोलिश लोक पुढंही भांडतच राहिले, 'वालेनरोडिझम' असा शब्दच पडला त्याला. मग तळ कुठं लागला सांगा. पेपर लिहिणार असाल तर मिरियामला तोलायला 'वालेनरोड'च घ्या, सोबत 'कीचकवध' ठेवा, गाईड काय म्हणतील ते म्हणू द्यात.