हातपाय धड आहेत, मग थेरपी कशाला?

“मॅडम, तो पळतो, सायकल चालवतो. ऑक्युपेशनल थेरपी तर अपंगांसाठी असते ना?” इंदूरच्या रामबागेतल्या एका आईचा हा प्रश्न. मी मुलांचं समुपदेशन करते, असं विचारणारे पालक मला बरेच भेटतात. तिचा मुलगा तिसरीत. वर्गात वह्या फेकायचा, मुलांना ढकलायचा, मग बाकाखाली जाऊन बसायचा. शाळेनं थेरपिस्ट सुचवली आणि घरी आजींनी धसका घेतला, पोरावर आता वेडेपणाचा शिक्का बसणार.

लकवा झालेल्यांना ही थेरपी देतात, हे खरंच आहे. पण तिचा भर असतो रोजची कामं जमण्यावर. आठ वर्षांच्या मुलाची रोजची कामं म्हणजे रांगेत उभं राहणं, फळ्यावरचं उतरवून घेणं, खेळात हरणं. भावना अनावर झाल्या की नेमकं हेच अडतं. कुठे आणि का अडतंय, ते थेरपिस्ट पाहते. मानसिक आजाराचं निदान करणं हे तिचं काम नाही.

थेरपिस्ट त्याच्या वर्गात मागे बसून राहिली. भांडणं बहुतेक मधल्या सुट्टीनंतर व्हायची, गोंगाटातून येऊन एकदम गप्प बसायची वेळ आली की. त्याआधी तो कान झाकायचा, शर्टाची कॉलर चावायचा. बाईंना कॉलर चावताना दिसायचा, पण त्या तिला घाणेरडी सवय समजत. माझ्या मते या प्रकरणात सगळ्यात मोलाचं काही हाती लागलं असेल तर ही कॉलर.

मग सुट्टी संपताना वह्यांचा जड गठ्ठा उचलून नेण्याचं काम त्याला दिलं. वर्गात शिरताना दोन्ही तळहातांनी भिंतीला जोर लावायचा. जागा दारापासून लांब. स्नायू-सांध्यांवर असा जोर पडला की काही मुलं शांत होतात. जीन आयर्स या अमेरिकन थेरपिस्टनं 1970 च्या दशकात मांडलेल्या विचारातून हे उपाय आले. त्यांच्या उपयोगाबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, म्हणून फरक पडतो का हे बाईंनी रोज लिहून ठेवायचं ठरलं. एकच गोष्ट मी बजावून सांगितली: खोडी केली म्हणून गठ्ठ्याचं काम काढून घ्यायचं नाही. ते बक्षीस नव्हे.

त्याच वर्षी त्याचे आजोबा गेले होते. रोज शाळेत तेच सोडायचे. ते दुःख भिंत ढकलून जाणार नव्हतं. त्यासाठी माझ्याकडे येणं चालूच राहिलं. हाताला मातीचा गोळा दिला की तो आजोबांबद्दल बोलू लागे. मूल स्वतःला इजा करत असेल किंवा जगायचं नाही म्हणत असेल, तर मात्र वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांना गाठा.

त्याचं फेकणं बरंच कमी झालंय, थांबलेलं नाही. कॉलर तोंडात गेली की बाई आता त्याला पाणी प्यायला पाठवतात. आणि गठ्ठा न्यायला रोज आणखी एक मूल सोबत असतं, म्हणजे तो एकटा वेगळा दिसत नाही. ही सूचना त्याच्या आईची.