कामावर श्रद्धा की निष्ठा?

अनेक वर्षे परिचारिकेचे काम केलेल्या एका वाचक भगिनीने निवृत्तीच्या मनोगतात ‘माझी या कामावर श्रद्धा होती’ असे लिहिले. सहकाऱ्यांनी ‘श्रद्धा देवावर असते, कामावर निष्ठा असते’ असे सांगून तो शब्द बदलायला लावला. चूक कोणाची, असे त्या विचारतात.

चूक सहकाऱ्यांची. देवाला श्रद्धा, कामाला निष्ठा आणि माणसांना विश्वास, ही खातेवाटणी कोणत्याही कोशाने केलेली नाही, तरी ती ऐकून ऐकून कान किटले आहेत.

‘श्रद्धा’ हा शब्द ‘श्रत्’ आणि ‘धा’ म्हणजे ठेवणे, यांचा बनलेला आहे. निघंटू या वैदिक शब्दांच्या प्राचीन कोशाने सत्याच्या सहा नावांत ‘श्रत्’ दिला आहे आणि आपले पंडित तेथेच समाधान मानून थांबतात. मला ते पुरेसे वाटत नाही. लॅटिनमधील ‘क्रेडो’, म्हणजे ‘मी विश्वास ठेवतो’ (बँकेतले ‘क्रेडिट’ त्याच घरातले), हा याच शब्दाचा सख्खा भाऊ आहे, आणि हृदयाला लॅटिनमध्ये ‘कोर’ म्हणतात. तेव्हा ‘श्रत्’ म्हणजे हृदय, आणि श्रद्धा म्हणजे ज्यावर काळीज ठेवले ते. यावर काही भाषाशास्त्रज्ञ आक्षेप घेतात की संस्कृतात हृदयाला ‘ह’ आहे, ‘श’ नाही. पण लॅटिनमधल्या या ‘क’च्या जागी संस्कृतात नियमाने ‘श’च येतो; नियमाबाहेर गेलेला आहे तो ‘हृद्’मधला ‘ह’. त्याचा दंड ‘श्रत्’ने का भरावा? शिवाय ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील श्रद्धासूक्तात श्रद्धा ‘हृदय्य’ आकूतीने, म्हणजे हृदयातल्या संकल्पाने, मिळते असे म्हटले आहे. सूक्तकर्त्याला जे ऐकू आले, ते या मंडळींना ऐकू येऊ नये याचे नवल वाटते.

खरी गंमत अमरकोशात आहे. तेथे ‘श्रद्धालु’ या शब्दाचा एक अर्थ ‘दोहदवती’, म्हणजे डोहाळे लागलेली स्त्री, असा दिला आहे. आपले ‘डोहाळे’ या ‘दोहद’ शब्दाचेच वंशज, आणि सुश्रुताने तर गर्भवतीला दोन हृदयांची म्हणून ‘दौहृदिनी’ म्हटले आहे. श्रद्धेत अशी ओढही आहे, आणि डोहाळे कशाचे लागावेत हे शेजाऱ्यांना विचारून ठरत नाही.

कामाचेच म्हणाल, तर गीतेच्या सतराव्या अध्यायाचा शेवटचा श्लोक पाहावा. अश्रद्धेने केलेले होम, दान आणि तप ‘असत्’ आहे असे सांगताना त्यात ‘कृतं च यत्’, म्हणजे ‘आणि जे काही केले तेही’, अशी स्पष्ट भर आहे. त्या ‘जे काही’मध्ये रात्रपाळी बसत नाही, असे कोणाला म्हणायचे असेल तर त्याने श्लोक दाखवावा.

राहिली निष्ठा. तीही कमी प्रतीची नाही. पण तिचे अर्थ अमरकोश निष्पत्ती, नाश आणि अंत असे देतो, आणि पाणिनीने ‘क्त’ व ‘क्तवतू’ या भूतकालवाचक प्रत्ययांना ‘निष्ठा’ हीच संज्ञा दिली आहे. काम संपले या अर्थाने निवृत्तीच्या दिवशी तो शब्द चपखल बसतो खरा. सहकाऱ्यांना मात्र तो अर्थ अभिप्रेत नसावा.