पंपिंग ३८ टक्के

चिरंजीवास, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज आणि टू-डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट, दोन्ही वाचले. ‘सर, पंपिंग ३८ टक्के म्हणजे निम्म्याहून जास्त हृदय गेलं ना?’ नाही रे. हे शंभरपैकी पडलेले मार्क नव्हेत. डावा कप्पा भरला की त्यातलं किती रक्त एका ठोक्याला बाहेर पडतं, एवढंच तो आकडा सांगतो. धडधाकट माणसाचंसुद्धा ५५ ते ७० च्या दरम्यान असतं, शंभर कुणाचंच नसतं. तुझं कमी आहे, ते मी गोड करून सांगणार नाही. पण तुलना साठाशी कर, शंभराशी नको.

शिवाय हा इको ॲटॅक आल्यावर चारच दिवसांनी काढलेला. रक्त अडलं तिथला काही स्नायू मेला, तो परत येणार नाही. काही मात्र जिवंत आहे, फक्त गारठलाय. अँजिओप्लास्टीत स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी टाकून रस्ता मोकळा झाल्यावर तो काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत पुन्हा कामाला लागतो. म्हणूनच ठोके घातक बिघडले तर शॉक देणारं यंत्र छातीत बसवायचं की नाही, हे डॉक्टर लगेच ठरवत नाहीत. ॲटॅकनंतर निदान ४० दिवस, आणि अँजिओप्लास्टी झाली असेल तर साधारण तीन महिने औषधं देऊन पुन्हा इको करतात. पंपिंग तेव्हाही ३५ किंवा त्याखाली राहिलं, तर तो विषय निघतो. माझं स्वतःचं पंपिंग ४० टक्क्यांच्या आसपासच राहिलं, आणि त्यावर मी निवृत्तीपर्यंत दहावीचे वर्ग घेतले. तुझ्या बॅचसकट.

आता गोळ्या. दोन-तीन महिन्यांत तुला एकदम बरं वाटायला लागेल आणि मनात येईल, आता कशाला एवढ्या? त्या दिवसांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. ते बरं वाटणं बरंचसं गोळ्यांमुळेच असतं. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या साधारण वर्षभर तरी चालतात. मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. दाढ काढायची म्हणून दातांच्या डॉक्टरांनी बंद करायला सांगितल्या, तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन. रॅमिप्रिल या हृदयाच्या गोळीने कोरडा खोकला लागला तर तसं सांग, बदलून देतात. आणि मेडिकलवाल्याने ‘ही तर शुगरची गोळी’ म्हणून डॅपाग्लिफ्लोझिन हातात ठेवली तर दचकू नकोस. पंपिंग कमी असलेल्यांना शुगर नसतानाही ती देतात. अंग दुखलं म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन मात्र मनाने घ्यायची नाही. त्यांनी शरीरात पाणी साठतं.

वजनकाटा घे, साधा चालेल. रोज सकाळी शौचाला जाऊन आलास की, चहाच्या आधी काट्यावर उभं राहायचं आणि आकडा लिहायचा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ती चरबी नसते, पाणी असतं. घोट्याला सूज, रात्री आडवं झाल्यावर धाप, यांचंही तेच. पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा.

आईंना सांग, सैंधव हेही मीठच. आणि कुणी ‘हार्टवाल्यांचं कमी सोडियमचं मीठ’ आणून दिलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरायचं नाही. त्यात पोटॅशियम असतं, आणि तुझ्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं. लोणचं, पापड, फरसाण यांचं वेगळं सांगायला नको. तंबाखूचं तर नाहीच नाही. मळून देणारे मित्र बदल.

राजगड कधी, असं विचारलंस. आधी सपाटीवर चाल. चालताना सोबत्याशी बोलता आलं पाहिजे. गाता आलं नाही तरी हरकत नाही. डॉक्टरांनी ट्रेडमिल टेस्ट करून होकार दिला की सिंहगडासारखी गाडीरस्त्याची जागा आधी. वर काही झालं तर खाली आणायला किती वेळ लागेल, हा हिशेब तुला आता करावा लागणार. जिममध्ये श्वास कोंडून जड वजन उचलणं सोड.

छातीत बारीक टोचलं की रात्री झोप उडते म्हणतोस. सगळ्यांचंच होतं हे. बोट ठेवून दाखवता येणारी, क्षणभराची कळ बहुतेक वेळा हृदयाची नसते. दडपण, घाम, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारं दुखणं आलं तर खाली बस, डॉक्टरांनी दिली असेल तर सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेव, आणि पाच मिनिटांत उतरलं नाही तर १०८. स्वतः बाईक काढून निघायचं नाही. शंका असली तरी फोन कर. खोटा ठरला तर ठरू दे. हा घोर महिनोन्महिने उतरलाच नाही तर त्याचंही औषध असतं, तेही डॉक्टरांना सांग.

विचारायला लाजला असशील म्हणून मीच लिहितो. दोन जिने न थांबता चढता आले आणि छातीत काही झालं नाही, तर पती-पत्नीच्या संबंधांना सहसा अडचण नसते. पण सॉर्बिट्रेट जवळ बाळगणाऱ्याने व्हायाग्राच्या जातीची गोळी घ्यायची नाही. रक्तदाब धाडकन उतरतो. आणि स्थळ बघताना लपवायचं नाही. मामा म्हणतील ‘नंतर सांगू’. मामांचं ऐकू नकोस.

एकतिसाव्या वर्षी असं का, याला नातेवाइकांकडे ‘टेन्शन’ हे एकच उत्तर असतं. मला ते आळशी उत्तर वाटतं. तुझ्या वडिलांनाही लवकरच झालं होतं. तेव्हा पुढच्या भेटीत लायपोप्रोटीन (ए), म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलच्या एका जातीची तपासणी करायची का, ते विचार. ते बहुतांशी आनुवंशिक असतं, एकदा तपासलं की सहसा पुरतं. धाकट्या बहिणीचं कोलेस्टेरॉल मात्र याच महिन्यात बघून घ्या, ती बारीक आहे म्हणून टाळू नका. नव्या इकोची तारीख ठरली की कळव. सोबतीला मी येईन.

तुझा,
सर