टेक्सासात एकच रायफल: हरणासाठीही आणि घरासाठीही

तुझा प्रश्न नीट वाचला. ऑस्टिनला एच-१बी व्हिसावर नोकरी लागली आहे, बायको आणि चार वर्षांची मुलगी बरोबर येणार आहेत. चिपळूणच्या घरी शेतीसंरक्षण परवान्याची बारा बोअरची बंदूक तू लहानपणापासून पाहिली आहेस, डुकरं हुसकायला आजोबा रात्री बार काढायचे तेही पाहिलं आहेस. आता टेक्सासात एकच रायफल घ्यायची, ती शिकारीला चालावी आणि घराच्या राखणीलाही, तर ती कशी तयार करावी, असं तू विचारतोस. मी चौदा वर्षं सॅन अँटोनियोजवळ राहतो, त्यातली अकरा वर्षं शिकार करतो आणि माझ्याकडे अशीच एक रायफल आहे. जमतं हे नक्की. पण तू जिथून सुरुवात करतो आहेस, म्हणजे स्कोप (रायफलीवरची दुर्बीण) कोणता आणि नळी किती इंची, ते शेवटी येतं.

आधी कागद, कारण आपली माणसं अडकतात ती इथेच. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हाच अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. या बंदीला मोजके अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा एकच: चालू मुदतीचं शिकारीचं लायसन्स. ते खिशात नसेल तर विकत घेणं सोड, मित्राबरोबर रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, जाऊन त्याची रायफल हातात घेणंही बेकायदा ठरतं. टेक्सासचं लायसन्स दर वर्षी ३१ ऑगस्टला संपतं. नव्या वर्षाचं १५ ऑगस्टच्या सुमारास विक्रीला येतं. म्हणजे तू विसरलास आणि १ सप्टेंबर उजाडला, तर रायफल कपाटात नुसती उभी असतानाही तू गुन्हेगार. या कलमाला २०२२ पासून कमाल शिक्षा १५ वर्षांची आहे, आणि व्हिसाचं काय होईल ते मी सांगायला नको. मी एच-१बीवर होतो तेव्हा १५ ऑगस्टला सकाळी झेंडावंदनाला जायचो आणि येताना लायसन्स घेऊन यायचो. ती सवय मला उपयोगी पडली. ग्रीन कार्ड झाल्यावर ही अट जाते, पण बंदुकीसंबंधी गुन्हा शाबित झाला तर ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढता येतं, हे लक्षात असू दे.

वहिनींचाही विचार कर. तिजोरी त्यांना उघडता येत असेल तर ताबा त्यांचाही धरला जाऊ शकतो. म्हणून त्यांनी स्वतःचं लायसन्स काढावं, नाहीतर तिजोरीचा आकडा तुझ्यापुरताच ठेवावा. यात मधला मार्ग नाही.

२ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला लायसन्ससाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. सतरा वर्षं पूर्ण झालेल्यांना तो पूर्ण ऑनलाइन करता येतो. तरी माझं ऐक, मैदानावरचा कर. कुंपण ओलांडताना रायफल कुठे ठेवायची, गोळी हरणाच्या पलीकडे कुठे जाईल हे आधी कसं पाहायचं, या गोष्टी पडद्यावर कळतात पण अंगात मुरत नाहीत. लायसन्सची फी राज्यात सहा महिन्यांहून जास्त राहिलेल्याला २५ डॉलर आणि त्याआधी ३१५ डॉलर. पहिले सहा महिने थांबलास तर पैसेही वाचतात आणि घर, शाळा, गाडी सगळं मार्गी लागतं. रायफल पळून जात नाही. दुकानात फॉर्म भरताना आय-९४ चा (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीचा) नंबर आणि शिकारीचं लायसन्स दोन्ही लागतं. आपल्या बाबतीत तपासणीला एखादा दिवस जास्त जातो, म्हणून चिडून दुसऱ्याच्या नावावर मात्र कधीही घेऊ नकोस. तो वेगळा आणि मोठा गुन्हा आहे.

आता शिकार. हे तुला सांगताना मला आनंद होतो. टेक्सासच्या हिल कंट्रीत, म्हणजे मधल्या डोंगराळ भागात, कर्व्हिल आणि जंक्शनच्या बाजूला, चितळ आहेत. आपले चितळ, अंगावर पांढरे ठिपके असलेले. १९३२ मध्ये इथे आणले आणि ओक-सीडरच्या झाडीत पसरले. दक्षिणेला नीलगायही आहेत. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने ज्या जनावरावर बंदूक रोखणं तुरुंगाचं काम आहे, ते इथे बाहेरचं जनावर म्हणून बारा महिने मारता येतं. पहिल्यांदा चितळ समोर आलं तेव्हा मी ते तसंच जाऊ दिलं, हात उचलेना. इथलं मूळचं हरीण म्हणजे व्हाइटटेल. त्याचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो. आणि रानडुकरं तर अमाप, शेताची नासाडी तुमच्या चिपळूणसारखीच. खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने डुक्कर मारायला २०१९ पासून लायसन्स लागत नाही, पण ती सूट शिकारीच्या नियमातली आहे. तुझ्या बंदूक बाळगण्याला लायसन्स लागतंच. ही गल्लत होऊ देऊ नकोस. इथली जवळजवळ सगळी जमीन खासगी आहे, त्यामुळे ओळखीशिवाय शिकार नाही. ऑफिसात कोणाच्या काकाचं रँच आहे ते चौकशी करत राहा. कुंपण दुरुस्तीला एक शनिवार गेलास की दार उघडतं.

आता रायफल. दोन्ही कामं एकीकडून करायची तर मी एआर-१५ जातीची (दर वेळी चाप ओढला की एक बार काढणारी, मॅगझीनवाली रायफल), १६ इंची नळीची घे म्हणेन. १६ इंचांच्या खाली गेलास तर ती वेगळ्या नोंदणीच्या कायद्यात जाते, त्या वाटेला जाऊ नकोस. काडतूस .२२३ किंवा ५.५६. नळीवर काय कोरलं आहे ते स्वतः वाच. नुसतं .२२३ लिहिलं असेल तर त्यात ५.५६ चं काडतूस घालायचं नाही, ५.५६ लिहिलं असेल तर दोन्ही चालतात. टेक्सासात हरणाला रिमफायर (बुडाच्या कडेवर ठोका बसून उडणारं छोटं काडतूस) चालत नाही, सेंटरफायर (बुडाच्या मधोमध ठोका बसणारं) लागतं, आणि .२२३ कायद्यात बसतं. हिल कंट्रीचं हरीण आकाराने लहान असतं. शंभर-सव्वाशे यार्डांच्या आत, आडवं उभं असताना, खांद्यामागे नेम धरला तर .२२३ पुरेसं आहे. चितळाचा मोठा नर असेल तर मी पन्नास-साठ यार्डांपलीकडे चाप ओढत नाही. नीलगायीला ही रायफल नाहीच. तिच्यासाठी मोठ्या काडतुसाची रायफल मित्राकडून मागून घे किंवा ती शिकार सोडून दे. एका रायफलीचा हट्ट धरला की काही जनावरं सोडावी लागतात, आणि ते मान्य नसेल तर दुसरी रायफल घेणं हेच प्रामाणिकपणाचं.

एक धोका ठळक सांगतो. .३०० ब्लॅकआउट नावाचं काडतूस याच मॅगझीनमध्ये बसतं, कधीकधी .२२३ च्या नळीतही बसतं, आणि चाप ओढला की रायफल फुटते. घरात एकाच जातीची काडतुसं ठेव. रेंजवर कोणी मूठभर देऊ केली तरी घेऊ नकोस.

गोळी एकच निवड, ६० ते ६४ ग्रेन वजनाची बाँडेड सॉफ्ट पॉइंट, म्हणजे मऊ टोकाची, जनावरात फुलणारी पण कवच न सुटणारी. शिकारीलाही तीच आणि घरातही तीच. पूर्ण तांब्याचं कवच असलेली स्वस्त गोळी सरावाला ठीक, पण जनावरात ती सुईसारखी आरपार जाते आणि हरीण जखमी होऊन झाडीत हरवतं. एकच गोळी ठेवल्याने झिरोही (ज्या अंतरावर गोळी स्कोपच्या नेमावर पडते ते) एकच राहतो, आणि दोन कामांच्या रायफलीचं निम्मं गणित तिथेच सुटतं. पन्नास यार्डांवर झिरो कर. गोळी मधे इंच-दीड इंच वर राहते आणि दोनशे यार्डांच्या आसपास पुन्हा नेमावर येते. स्कोप १-६ चा, म्हणजे एक ते सहा पट मोठं दाखवणारा, घे. एकवर ठेवला की दोन्ही डोळे उघडे ठेवून खोलीच्या अंतरावर बघता येतं, सहावर ठेवला की पहाटेच्या अंधुक उजेडात हरणाचा खांदा दिसतो. आणि हे कागदावर स्वतः करून बघ: सात यार्डांवर ठिपक्याच्या मधोमध नेम धर आणि एक बार काढ. भोक ठिपक्यात पडत नाही, दोन-अडीच इंच खाली पडतं, कारण स्कोप नळीच्या साधारण तेवढा वर बसलेला असतो. शंभर यार्डांवर हे जाणवत नाही, घराच्या अंतरावर जाणवतं. मला दुकानात कोणी हे सांगितलं नव्हतं.

रानात दहा काडतुसांचं मॅगझीन लाव, तीसचं टेकूवर आडवं येतं. पट्टा हवाच. कानाला इलेक्ट्रॉनिक मफ घे. रानात पाचोळा वाजलेला ऐकू येतो आणि बार झाला की कान वाचतात.

आता घर. तुला वाटतं त्यापेक्षा हे अवघड आहे. तू जांभ्याच्या भिंतीत वाढलास. इथली भिंत म्हणजे लाकडी चौकट आणि दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचाचा जिप्समचा तक्ता, बुक्की मारली तर भोक पडतं. रायफलीची गोळी अशा एकापाठोपाठ एक भिंती पार करते. सॉफ्ट पॉइंट थोडी लवकर जोर गमावते, पण मारक राहतेच. म्हणून घर भाड्याने घेतल्यावर पहिल्या रविवारी झोपायच्या खोलीच्या दारात रिकाम्या हाताने उभा राहा आणि बघ, या रेषेत मुलीची खोली येते का, शेजाऱ्याचं घर येतं का. अपार्टमेंटमध्ये राहणार असशील तर माझं स्पष्ट मत, रायफल फक्त शिकारीची समज. दाराला चांगली कडी, बाहेर दिवा आणि ९११ (आणीबाणीचा नंबर), एवढं पुरे.

माझ्या घरातली एक रात्र सांगतो. आई-बाबा पहिल्यांदा आले होते, तिसरा दिवस. पहाटे पावणेतीनला स्वयंपाकघरात खुडबुड झाली. मी अर्धवट झोपेत तिजोरीशी पोहोचलो, बोट आकड्यांवर होतं, आणि आल्याचा वास आला. बाबांना जेटलॅगने झोप नव्हती, ते अंधारात चहा टाकत होते. दिवा कुठे लागतो ते त्यांना सापडलं नव्हतं. मी परत येऊन पलंगावर बसलो आणि बराच वेळ हात थरथरत होते. दुसऱ्या दिवशी बंदुकीवर लावलेला टॉर्च मी काढला नाही, पण आधी वापरायला हातात धरायचा वेगळा टॉर्च उशाशी ठेवला. बंदुकीवरच्या टॉर्चने शोधायला गेलास तर ज्याच्यावर उजेड पडतो त्याच्यावर नळीही रोखलेली असते. आमच्या घरचा नियम आता असा: आवाज आला तर आधी नावाने हाक मारायची, घरातली सगळी माणसं मोजायची, मुलांच्या खोलीत जमायचं, दार लावायचं, ९११ लावायचा. शोधायला कोणी जात नाही. रायफल ही त्या बंद दारामागची शेवटची गोष्ट.

ठेवायची कशी, तर भिंतीतल्या लाकडाला बोल्टने आवळलेल्या, आकड्याने उघडणाऱ्या तिजोरीत. चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, रिकामं. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू देणं हा टेक्सासात गुन्हा आहे, पण चार वर्षांच्या लेकीसाठी तुला कायद्याची गरज नसावी. मी खंडेनवमीला रायफल उतरवतो, बोल्ट बाहेर काढून साफ करतो, पाटावर ठेवून हळद-कुंकू वाहतो आणि त्याच आठवड्यात रेंजवर जाऊन झिरो तपासतो. हंगामाच्या तोंडावर तेवढं होऊनच जातं.

एक राहिलं. रेंजवर न्यायची सॅक वेगळी ठेव आणि ती प्रवासाला कधीही नेऊ नकोस. माझ्या ओळखीच्या एकाच्या बॅगेच्या कोपऱ्यात एकच काडतूस राहिलं होतं. मुंबईहून परतताना तपासणीत सापडलं, शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल झाला आणि बहिणीच्या लग्नासाठी दहा दिवसांच्या रजेवर आलेला माणूस कित्येक आठवडे वकिलाच्या दारात बसला. निघायच्या आदल्या रात्री बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झटक, वहिनींच्या पर्ससकट.