शहाद्यात नोकरी सांभाळून स्पॅनिशची दूरस्थ पदवी करता येईल का, आणि त्यातून बोलता येईल का?

येईल. पण थेट पदवीला हात घालू नका. इग्नूचा स्पॅनिश भाषा आणि संस्कृतीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आधी करा. बारावी पुरते आणि किमान मुदत सहा महिन्यांची आहे. कामावरून आल्यावर रोज बसणं जमतंय का, ते तेवढ्यात कळतं.

पदवीचा हिशेब वर्षांत नको, तासांत करा. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत ऑनर्स पदवीला ३६० क्रेडिट लागतात आणि एक क्रेडिट म्हणजे १० तास, एकूण ३,६०० तास. वर्षाला ६० क्रेडिट घेतले तर सहा वर्षं, आठवड्याला १६ ते १८ तास. स्पेनच्या उनेद या दूरस्थ विद्यापीठात (स्थापना १९७२) शिकवणं स्पॅनिशमधूनच होतं, म्हणून भाषा पक्की झाल्याशिवाय तिकडे वळू नका. परदेशी दूरस्थ पदवी पुढच्या प्रवेशाला किंवा सरकारी नोकरीला चालेल का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या. भारतातलं विद्यापीठ असेल तर त्या अभ्यासक्रमाला यूजीसीची दूरस्थ शिक्षणाची मान्यता त्या वर्षासाठी आहे ना, ते बघा.

आता बोलण्याचं. दूरस्थ शिक्षणात गाडी इथेच अडते, कारण पुस्तक आणि स्वाध्याय तुमच्याशी बोलत नाहीत. डेले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेची सुरुवातीच्या आणि मधल्या पातळ्यांची रचना बघा: वाचन-लेखन ५० गुण, ऐकणं-बोलणं ५० गुण, आणि दोन्ही गटांत किमान ३० हवेत. लेखीत ४८ मिळाले आणि दुसरा गट २५ वर अडकला, तर नापासच. म्हणून पहिल्या महिन्यापासून आठवड्यात दोनदा अर्धा-अर्धा तास कुणाशी तरी बोला. सकाळी साडेसहाला बोगोटात आदल्या रात्रीचे आठ वाजलेले असतात. आपल्याकडे रात्री साडेनऊला माद्रिदमध्ये हिवाळ्यात पाच, उन्हाळ्यात सहा. दोन्ही वेळा नोकरीच्या आड येत नाहीत. लाईट कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे ऐकायचे धडे आधीच उतरवून ठेवा.

इंग्रजीतून शिकण्यापेक्षा मराठीचा आधार घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. 'मला केळं आवडतं' म्हणजे 'मे गुस्ता एल प्लातानो', 'मला केळी आवडतात' म्हणजे 'मे गुस्तान लोस प्लातानोस'. क्रियापद केळ्यांप्रमाणे बदलतं, अगदी आपल्यासारखं. इंग्रजीच्या वळणाने गेलेले 'यो गुस्तो' म्हणून फसतात. त, द आपलेच दातांचे ठेवा, ट-ड नको. 'बी' आणि 'व्ही' या दोन्ही अक्षरांचा उच्चार मात्र एकच, तिथे आपला व सोडावा लागतो.

मराठी जिथे कमी पडते ती जागा म्हणजे 'आहे'. त्याला तिकडे दोन क्रियापदं आहेत. 'एल प्लातानो एस बेर्दे' म्हणजे केळ्याचा रंग हिरवा; 'एल प्लातानो एस्ता बेर्दे' म्हणजे केळं अजून कच्चं आहे. रावेरच्या केळीच्या बागेत उभं राहून ही दोन वाक्यं म्हणून बघा, नियम पाठ करावा लागणार नाही.

संस्कृती म्हणजे नुसता स्पेन नव्हे. २० देशांची ही राजभाषा आहे. त्याच केळ्याला कोलंबियात 'बानानो', अर्जेंटिनात 'बानाना', व्हेनेझुएलात 'काम्बूर' म्हणतात, आणि लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी 'प्लातानो' म्हटलं की शिजवून खायचं केळं समोर येतं. 'तुम्ही सगळे' यासाठी स्पेनमध्ये मित्रांना 'बोसोत्रोस', अमेरिका खंडात सर्वांनाच 'उस्तेदेस'. घरी 'शे' आणि पेपरात 'आहे' लिहिणाऱ्या अहिराणी माणसाला हा बदल जड जाऊ नये. एका वहीत तीन रकाने पाडा: शब्द, स्पेनमध्ये काय, अमेरिका खंडात काय. स्वाध्याय लिहिताना अभ्यासक्रम ज्या देशाची भाषा वापरतो तोच रकाना धरा. एकाच निबंधात दोन्ही मिसळू देऊ नका.