पोट्ट्याले व्हीआर घेऊन द्यायचा का?

प्रश्न: भाऊ, पोट्टा नववीत हाये, मित्राकडे तो डोक्याला लावायचा व्हीआर हेडसेट, ज्यात डोळ्यांसमोर चहूकडे गेमच दिसते, खेळून आला तेव्हापासून जेवताना पण तेच चालू असते. म्हणतो त्यात क्रिकेट, बॉक्सिंग, टेबल टेनिस सगळं आहे, मे महिन्यात बाहेर कोण खेळते, घरातच व्यायाम होईल. मले वाटते दोन महिन्यात माळ्यावर जाईल, गिटार आधीच तिथं आहे. खरा खर्च किती, आणि हे वेड टिकते का?
— एक बाबा, मानेवाडा, नागपूर

उत्तर: भाऊ, गिटारचं वाचून हसू आलं, आमच्या माळ्यावर कीबोर्ड आहे.

आधी पैशाचं. मेटा कंपनीचा क्वेस्ट थ्री एस हा हेडसेट ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेत २९९ डॉलरला आला, त्याच्या आदल्या वर्षी क्वेस्ट थ्री आला तो ४९९ ला. लोक २९९ ला डॉलरच्या भावानं गुणतात न स्वस्त पडला म्हणून खुश होतात, पण इकडे पोचेस्तोवर ड्युटी, आणून देणाऱ्याचं कमिशन चढतेच, आणि बिघडला तर बघणार कोण हे पैसे देण्याआधी विचारा. गेम वेगळे विकत घ्यायचे, बॉक्सिंगचा थ्रिल ऑफ द फाइट दहा डॉलरच्या आसपास, काही तीस डॉलरपर्यंत जातात. हातात धरायच्या कंट्रोलरला पेन्सिल सेल लागतात, ते रिचार्जेबलच घ्या. आणि हॉलमध्ये दोन बाय दोन मीटर मोकळं पाहिजे म्हणजे दिवाण हलवावा लागेल, त्यावरून वहिनी काय म्हणतील ते मी खर्चात धरलं नाही.

आता टिकायचं. माझं मत असं की ते हेडसेटवर नाही, खेळावर आहे. टेबल टेनिसचा चेंडू २.७ ग्रॅमचा, खऱ्या टेबलावरही हाताला जेमतेम जाणवतो, म्हणून कंट्रोलर जरासा थरथरला की मेंदू लगेच पटवून घेतो. क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅम, बॅट किलोच्या वर, पुल मारल्यावर मनगटाला बसतो तो झटका नुसत्या थरथरीतून कुठून येणार, जामठ्याच्या स्टेडियममध्ये सिक्स मारल्यासारखं दहा मिनिटं वाटते आणि मग हात रिकामा रिकामा लागतो. शिवाय इलेव्हन टेबल टेनिस नावाच्या गेममध्ये समोर ऑनलाइन खरा माणूस असतो, तो हरवतो, मग परत खेळावंसं वाटते. मशीनला हरवून पोरं लवकर कंटाळतात. आणि एक, तुम्ही जागेवर उभे पण चित्र पळते असे गेम नको, मळमळते.

व्यायामाचं म्हणाल तर बॉक्सिंगनं घाम निघतो, खोटं नाही. पण आपल्या मे मध्ये डोक्यावर अर्ध्या किलोचं डबडं, वर कूलरची दमट हवा, काचेवर वाफ धरते, दर पाच मिनिटांनी काढून पुसा. बॅटरी दोनेक तास जाते म्हणतात, आमच्या भाच्याचा दम त्याच्या आधीच जातो.

तेव्हा लगेच घेऊ नका. महिनाभर शनिवारी त्या मित्राकडेच खेळू द्या. पाचव्या शनिवारीही टेबल टेनिससाठी पळत असेल तर घ्या, क्रिकेटसाठी जात असेल तर चांगली बॅट घेऊन द्या न संध्याकाळी मैदानावर पाठवा. घेतलाच तर खिडकीत ठेवू नका, आतली भिंगं ऊन एका जागी गोळा करतात आणि स्क्रीनला जळका डाग पडतो.